मोठे वर्ग आणि शिक्षकांची तक्रार: वाद नेमका कशाचा आहे?

वर्गात मुले फार आहेत, अशी तक्रार शिक्षक करतात तेव्हा त्यांना मिळणारे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. पट कमी केल्याने परीक्षेतील गुण फारसे वाढत नाहीत असे संशोधन सांगते, शिवाय तो उपाय अतिशय महाग आहे, तेव्हा संख्येपेक्षा अध्यापनाच्या गुणवत्तेकडे लक्ष द्यावे, असा त्या उत्तराचा आशय असतो. पन्नास-साठ मुलांसमोर रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला हे उत्तर अन्यायाचे वाटते, कारण त्याचा अनुभव नेमके उलट सांगत असतो. दुसरीकडे, धोरण आखणाऱ्यांना या तक्रारीत काम हलके करून घेण्याची मागणी दिसते. अनेक देशांत कित्येक दशके चालू असलेल्या या वादात दोन्ही बाजूंच्या हाती खरा पुरावा आहे, आणि तरीही तो मिटत नाही. याचे कारण माझ्या मते असे की, दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. संशोधक बहुधा सगळ्या मुलांच्या गुणांची सरासरी मोजतात, तर शिक्षक सांगत असतो की, मोठ्या वर्गात अध्यापनाचे काही प्रकार करताच येत नाहीत. हा फरक लक्षात घेतला, तर परस्परविरोधी वाटणारी बरीचशी माहिती एकमेकींशी जुळू लागते.

संख्या वाढली की काय बिघडते

एक तासिका ४५ मिनिटांची आहे असे धरू. हजेरी, मागच्या धड्याची उजळणी आणि नवा भाग फळ्यावर समजावणे यांत २५ मिनिटे गेली, तर मुलांनी स्वतः काम करावे आणि शिक्षकाने ते पाहावे यासाठी २० मिनिटे उरतात. वर्गात ६० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २० सेकंद येतात, ४० असतील तर ३० सेकंद, आणि २० असतील तर पूर्ण एक मिनिट. वीस सेकंदांत वहीतील उत्तर बरोबर आहे की चूक एवढेच सांगता येते. एका मिनिटात ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारता येते आणि मुलाचे म्हणणे ऐकताही येते.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट नोंदवायला हवी. फळ्यावर समजावण्याचा जो भाग आहे, त्यावर संख्येचा परिणाम फार थोडा होतो. वीस मुलांना दिलेले स्पष्टीकरण साठांनाही ऐकू जाते. मोठ्या वर्गात जे नष्ट होते ते उलट दिशेचे दळणवळण, म्हणजे मुलांकडून शिक्षकाकडे येणारी माहिती. समजा, अपूर्णांकांची बेरीज शिकवल्यानंतर एखाद्या मुलीने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहिली. तिने वरचे आकडे वर मिळवले आणि खालचे खाली. ही निष्काळजीपणाची चूक नाही, तर अपूर्णांक म्हणजे काय याविषयीचा एक पक्का गैरसमज आहे, आणि तो वही पाहिल्याशिवाय, शक्यतो तिला विचारल्याशिवाय, कळत नाही. वर्ग लहान असेल तर शिक्षकाच्या लक्षात येते की हीच चूक आणखी सात-आठ वह्यांत आहे, आणि दुसऱ्या दिवसाचा पाठ तो त्यानुसार बदलतो. वर्ग मोठा असेल तर उत्तर फळ्यावर लिहिले जाते, सगळी मुले ते उतरवून घेतात, वह्या नीटनेटक्या दिसतात आणि गैरसमज तसाच पुढच्या इयत्तेत जातो.

वह्या तपासण्याचे गणितही असेच आहे. भाषेचा एक शिक्षक पाच तुकड्यांना शिकवतो आणि एका निबंधाला पाच मिनिटे देतो असे मानले, तर तीसच्या तुकड्यांत १५० निबंधांना साडेबारा तास लागतात आणि साठच्या तुकड्यांत ३०० निबंधांना २५ तास. हे सगळे काम तासिकांच्या बाहेरचे आहे. पंचवीस तास कुणाजवळच नसतात, त्यामुळे प्रामाणिक शिक्षकही निबंध कमी देतो, एका शब्दात उत्तर येईल असे प्रश्न वाढवतो, किंवा वहीवर केवळ सही करतो. म्हणजे मोठ्या वर्गातील मुले कमी लिहितात, आणि जे लिहितात त्यावर त्यांना कमी अभिप्राय मिळतो. वर्षअखेरची परीक्षा पर्यायी उत्तरांची असेल, तर या नुकसानीची तिच्यात नोंदच होत नाही. शिक्षकांची तक्रार आणि संशोधनातील आकडे यांच्यातील अंतराचा एक मोठा भाग मला इथे दिसतो.

वर्गनियंत्रणाचा मुद्दा अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी २००१ मध्ये एका साध्या गणिती मांडणीतून स्पष्ट केला होता. वर्गातील एक मूल जरी गडबड करत असेल किंवा अडून बसले असेल, तरी त्या क्षणी सगळ्यांचे शिकणे थांबते, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्येक मूल ९८ टक्के वेळ शांतपणे काम करते असे मानले, तर ते मूल उत्तमच म्हटले पाहिजे. पण सर्वच्या सर्व मुले एकाच वेळी शांत असण्याची शक्यता काढायची तर ०.९८ या संख्येचा मुलांच्या संख्येइतक्या वेळा स्वतःशी गुणाकार करावा लागतो. २५ मुलांच्या वर्गात ती शक्यता सुमारे ६० टक्के येते, ४० मुलांत सुमारे ४५ टक्के आणि ६० मुलांत जेमतेम ३० टक्के. प्रत्यक्ष वर्ग इतका काटेकोर नसतो, एका मुलाच्या चुळबुळीने सगळा वर्ग थांबतोच असे नाही. तरीही या मांडणीतून दोन गोष्टी चांगल्या उलगडतात. एक म्हणजे, कुठल्याही एका मुलाचा दोष नसताना केवळ संख्येमुळे वर्ग विस्कळीत होऊ शकतो. दुसरी म्हणजे, मुले जितकी लहान किंवा अस्वस्थ, तितका संख्येचा फटका मोठा. हेच प्रमाण ९८ ऐवजी ९९.५ टक्के असेल, तर साठांच्या वर्गातही ७४ टक्के वेळ सुरळीत जातो. एखाद्या शाळेत मोठे वर्ग चांगले चालतात म्हणून ते सगळीकडे चालतील, असा निष्कर्ष का काढता येत नाही, ते यातून समजते.

आणि हे नुकसान सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. ब्रिटनमध्ये शिक्षणाचे अभ्यासक पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे वर्गांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. लहान वर्गांत मुलांना वैयक्तिक लक्ष अधिक मिळते, आणि मोठ्या वर्गांत विशेषतः मागे पडलेली मुले हातातल्या कामापासून अधिक वेळा भरकटतात, असे त्यांना आढळले. ज्या मुलाला घरी समजावणारे कुणी आहे, किंवा ज्याला एकदा ऐकून कळते, ते साठांच्या वर्गातही तरून जाते. ज्याला दुसऱ्यांदा विचारायचे असते आणि विचारण्याचे धैर्य नसते, त्याच्यासाठी मोठा वर्ग म्हणजे वर्षभर कुणाच्याही नजरेस न पडण्याची सोय ठरते. सरासरी गुणांच्या तक्त्यात हे मूल दिसत नाही. शिक्षकाला मात्र ते दिसत असते, आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही ही खंत त्याच्या तक्रारीत असते. ती खंत कामचुकारपणा समजणे मला फार चुकीचे वाटते.

कागदावरील गुणोत्तर आणि खोलीतील पट

वादात होणारा एक मोठा घोटाळा इथेच दूर करून घ्यावा. शाळेतील एकूण विद्यार्थ्यांना एकूण शिक्षकांच्या संख्येने भागले की विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर मिळते. वर्गाचा पट म्हणजे एका वेळी एका खोलीत एका शिक्षकासमोर बसलेली मुले. या दोन संख्या एक नव्हेत. एका शाळेत ६०० मुले आणि २४ शिक्षक आहेत, म्हणजे गुणोत्तर २५. मुलांना आठवड्याला ३६ तासिका आहेत आणि प्रत्येक शिक्षक त्यांपैकी २४ तासिका शिकवतो, उरलेला वेळ तयारी आणि तपासणीसाठी असतो. मग कोणत्याही एका वेळी सरासरी १६ शिक्षकच वर्गावर असतात, आणि ६०० भागिले १६ म्हणजे एका वर्गात ३७ किंवा ३८ मुले येतात. कुणीही खोटे बोललेले नाही, पण अहवालात २५ आहे आणि खोलीत ३८. त्यात मुख्याध्यापक, ग्रंथपाल किंवा विशेष विषयांचे शिक्षक मोजणीत धरलेले असतील, कुणी दीर्घ रजेवर असेल, एखादे पद रिक्त असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

कायदेही या दोन संख्यांपैकी वेगवेगळी संख्या धरतात. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण शाळेसाठी ठरवलेले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००२ मध्ये मतदारांच्या कौलाने राज्यघटनेत दुरुस्ती करून थेट वर्गाचीच कमाल मर्यादा घातली: तिसरीपर्यंत १८, चौथी ते आठवी २२ आणि नववी ते बारावी २५. गुणोत्तराचा नियम प्रशासनाला पाळायला सोपा असतो आणि लवचीकही असतो. वर्गमर्यादेचा नियम मुलाला प्रत्यक्ष जाणवतो, पण एक मूल जास्त आले तरी नवी तुकडी करायची का, असा पेच निर्माण करतो. कुणी सरासरीचा आकडा दाखवून तक्रार निराधार ठरवत असेल, तर तो आकडा गुणोत्तराचा आहे की वर्गाचा, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

संशोधन खरोखर काय सांगते

पटसंख्येचा परिणाम मोजणे वरवर सोपे वाटते. लहान वर्गांतील मुलांचे गुण आणि मोठ्या वर्गांतील मुलांचे गुण यांची तुलना केली की झाले. अडचण अशी की, मुले वर्गांत योगायोगाने वाटली जात नाहीत. काही शाळा मागे पडलेल्या मुलांसाठी मुद्दाम छोटी तुकडी करतात. तिथे लहान वर्गाचे गुण कमी दिसतात, पण त्याचे कारण लहान वर्ग हे नसते. उलट, नावाजलेल्या शाळेत प्रवेशासाठी गर्दी होते आणि तिचे वर्ग भरतात. तिथे मोठ्या वर्गाचे गुण चांगले दिसतात, पण ते मोठेपणामुळे नसतात. सुखवस्तू पालक लहान वर्गांच्या शाळा निवडतात, तेव्हा चूक तिसऱ्याच दिशेला होते. १९८० च्या दशकापासून अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन पटसंख्या आणि गुण यांत सातत्याने दिसणारा संबंध सापडत नाही असे मांडले. ॲलन क्रूगर यांनी त्यावर आक्षेप घेतला की, काही अभ्यासांतून अनेक निष्कर्ष मोजले गेल्याने त्या अभ्यासांना अवाजवी वजन मिळाले आहे, आणि प्रत्येक अभ्यासाला सारखे वजन दिले तर चित्र बदलते. ‘संशोधनानुसार फरक पडत नाही’ हे वाक्य उद्धृत करणाऱ्यांना या वादाचा हा दुसरा भाग क्वचितच ठाऊक असतो.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी करणे, आणि ती अमेरिकेच्या टेनेसी राज्यात झाली. १९८५ ते १९८९ या चार वर्षांत ‘स्टार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात बालवर्ग ते तिसरीची ११ हजारांहून अधिक मुले सहभागी झाली. एकाच शाळेतील मुलांची आणि शिक्षकांची तीन प्रकारच्या वर्गांत यादृच्छिक वाटणी झाली: १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि पूर्णवेळ मदतनीस दिलेले नेहमीचे वर्ग. लहान वर्गांतील मुलांची वाचनात आणि गणितात स्पष्ट सरशी झाली, आणि कृष्णवर्णीय मुलांचा फायदा इतरांपेक्षा जास्त होता. मदतनीस दिलेल्या मोठ्या वर्गांत मात्र विशेष फरक दिसला नाही. चौथीपासून सगळी मुले नेहमीच्या वर्गांत परतली. फायदा कमी झाला, पण पुसला गेला नाही. पुढे ही मुले मोठी झाल्यावर क्रूगर आणि डायन व्हिटमोर यांनी पाहिले की, महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेला बसण्याच्या प्रमाणात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांमध्ये जी तफावत असते, ती लहान वर्गांत शिकलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिक घटली होती. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, लहान वर्गात शिकलेली मुले विसाव्या वर्षी महाविद्यालयात असण्याचे प्रमाण १.८ टक्का-बिंदूंनी अधिक आढळले. २७ व्या वर्षीच्या कमाईत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक सापडला नाही.

या प्रयोगाचा आधार घेताना त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. तो अगदी लहान मुलांवर झाला, आणि तिथला ‘मोठा’ वर्ग २२ ते २५ मुलांचा होता. नववीच्या साठ मुलांच्या तुकडीतून दहा मुले कमी केली तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

दुसरा प्रसिद्ध अभ्यास इस्राएलमधला आहे. बाराव्या शतकातील ज्यू विद्वान मायमोनिडीझ यांनी सांगितलेल्या नियमानुसार एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत, त्याहून अधिक असल्यास चाळीसपर्यंत मदतनीस द्यावा, आणि चाळीसच्या वर दोन शिक्षक नेमावेत. इस्राएलच्या शाळांत चाळीसची ही मर्यादा पाळली जाते, त्यामुळे इयत्तेत ४० मुले असतील तर एकच वर्ग होतो आणि ४१ वे मूल आले की वीस-एकवीस मुलांचे दोन. ४० मुलांची शाळा आणि ४१ मुलांची शाळा यांत इतर बाबतींत फरक असण्याचे काही कारण नाही, त्यामुळे त्यांच्या गुणांतील फरक पटसंख्येचाच मानता येतो. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी १९९९ मध्ये या युक्तीने दाखवले की लहान वर्गांमुळे पाचवीचे आणि काही प्रमाणात चौथीचे गुण वाढतात. तिसरीत मात्र तसे आढळले नाही. वीस वर्षांनी याच संशोधकांनी नव्या काळातील, अधिक मोठ्या माहितीवर तीच तपासणी केली तेव्हा परिणाम दिसला नाही, आणि त्यांनी ते स्वतः प्रसिद्ध केले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात कॅरोलिन हॉक्सबी यांनी २००० मध्ये जन्मदरातील नैसर्गिक चढउतारांमुळे लहान-मोठ्या झालेल्या वर्गांची तुलना केली, आणि त्यांनाही फायदा आढळला नाही. दुसरीकडे, स्वीडनमध्ये वर्गमर्यादेच्या नियमावर आधारलेल्या २०१३ च्या अभ्यासात, वयाच्या दहा ते तेरा वर्षांच्या टप्प्यात लहान वर्गांत शिकलेल्यांना प्रौढपणी अधिक वेतन मिळत असल्याचे दिसले.

या सगळ्याचा मला लागणारा अर्थ असा: लहान वयात, आणि घरून आधार कमी असलेल्या मुलांना, लहान वर्गाचा फायदा होतो याचा पुरावा चांगला आहे. मोठ्या इयत्तांत आणि सरासरी मुलाबाबत तो विस्कळीत आहे. आणि ज्या ठिकाणी वर्ग लहान होऊनही शिकवण्याची पद्धत तीच राहते, तिथे फायदा न दिसणे यात आश्चर्य नाही. व्याख्यान वीस जणांना दिले काय आणि चाळीस जणांना दिले काय, ते व्याख्यानच राहते.

मुले कमी केली, पण शिक्षक कुठून आणायचे?

प्रयोगात जे साधते ते राज्यभर लागू करताना का निसटते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियात मिळते. १९९६ मध्ये या राज्याने बालवर्ग ते तिसरीचे वर्ग साधारण तीसवरून वीसवर आणणाऱ्या शाळांना मोठे अनुदान देऊ केले. जवळजवळ सगळ्या शाळांनी ते एकाच वेळी घेतले, आणि हजारो शिक्षकांची गरज एकदम निर्माण झाली. पूर्ण पात्रता नसलेल्या व्यक्ती नेमाव्या लागल्या. सुस्थितीतील भागांत नव्या जागा निघाल्याने अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतील शाळा सोडून तिकडे गेले. खोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून ग्रंथालये आणि संगीताच्या खोल्यांत वर्ग भरवले गेले. ज्या मुलांना लहान वर्गाचा सर्वाधिक फायदा व्हायचा, त्यांच्याच वाट्याला नवखे शिक्षक आले. टेनेसीत अशी अडचण आली नव्हती, कारण तिथे निवडक शाळांपुरते वर्ग वाढले होते आणि पुरेसे शिक्षक उपलब्ध होते.

केनियातील अनुभव वेगळ्या कारणाने बोलका आहे. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी तिथे काही प्राथमिक शाळांना कंत्राटी तत्त्वावर एक जादा शिक्षक दिला, त्यामुळे वर्गातील मुले सरासरी ८२ वरून ४४ वर आली. संख्या जवळपास निम्मी होऊनही, जी मुले आधीच्याच कायम शिक्षकांकडे राहिली त्यांचे गुण लक्षणीय वाढले नाहीत. नव्या कंत्राटी शिक्षकांकडे गेलेल्या मुलांचे वाढले. नवे शिक्षक नियमित हजर राहत होते, तर जादा हात मिळाल्यावर काही कायम शिक्षकांनी आपली हजेरी आणि मेहनत कमी केली, असे संशोधकांना आढळले. शिक्षकांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा निष्कर्ष अवघड वाटतो, पण तो टाळून चालणार नाही. मात्र त्यातून कंत्राटी नेमणुकाच उत्तम, असे ठरवणेही घाईचे आहे. पाव पगारावर, नोकरीच्या आशेने वर्षभर झटणारा तरुण शिक्षक दहा वर्षे तसाच झटेल का, हे त्या प्रयोगाने तपासले नव्हते.

खर्चाचे गणित थोडक्यात असे. १२०० मुलांसाठी ६०चे वर्ग केले तर २० तुकड्या लागतात, ५०चे केले तर २४. म्हणजे दहा मुले कमी करायला शिक्षकांचा खर्च २० टक्के वाढतो. पण ३०वरून २०वर यायचे तर ४० तुकड्यांच्या ६० होतात आणि खर्च ५० टक्के वाढतो. त्याच दहा मुलांची किंमत वर्ग लहान होत जातो तशी चढत जाते. म्हणून पंचविसाच्या वर्गाला वीसचा करणे आणि साठांच्या वर्गाला चाळीसचा करणे या दोन मागण्यांना एकाच संशोधनाने नाकारणे मला पटत नाही. ‘पैशांच्या मानाने फायदा कमी’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या, म्हणजे आधीच बऱ्यापैकी लहान असलेल्या वर्गांच्या माहितीवरून निघालेला असतो, आणि तो वापरला जातो दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकाला गप्प करण्यासाठी.

आशियातील मोठ्या वर्गांचा दाखला नेहमी दिला जातो, त्याकडेही नीट पाहायला हवे. जपान आणि शांघाय इथे वर्ग मोठे असूनही मुलांचे गुण जगात अग्रभागी असतात, हे खरे आहे. पण गुणोत्तराच्या मघाच्या गणितानुसार, शिक्षकांची संख्या तीच ठेवून वर्ग मोठा केला तर प्रत्येकाच्या तासिका कमी करता येतात. शांघायमध्ये हाच मार्ग घेतलेला आहे. तिथला शिक्षक दिवसाकाठी मोजक्या तासिका घेतो आणि उरलेला वेळ वह्या तपासणे, सहकाऱ्यांबरोबर पाठांची तयारी करणे, एकमेकांचे वर्ग पाहणे आणि मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवणे यासाठी असतो. मोठा वर्ग आणि भरगच्च वेळापत्रक या दोन्ही गोष्टी शिक्षकाच्या माथी मारून वर शांघायचे उदाहरण देणे हा अप्रामाणिकपणा आहे. शिवाय जपाननेही २०२१ मध्ये कायदा बदलून प्राथमिक शाळेतील वर्गाची कमाल मर्यादा ४० वरून टप्प्याटप्प्याने ३५ वर आणण्याचे ठरवले.

तेव्हा एखादा शिक्षक मोठ्या वर्गाची तक्रार करतो, त्या वेळी ‘संशोधन काय म्हणते’ हा प्रश्न नंतर यावा. आधी विचारायचे ते हे की, इयत्ता कोणती, खोलीत प्रत्यक्ष मुले किती, त्या शिक्षकाकडे आठवड्याला तासिका किती आणि तुकड्या किती, आणि संख्येमुळे त्याने कोणते काम करणे सोडून दिले आहे. पहिली-दुसरीत वाचायला शिकणारी पन्नास मुले एका शिक्षकाकडे असतील, तर उपलब्ध पैसा सर्वात आधी तिथे जावा, कारण पुरावा तिथेच सर्वात भक्कम आहे आणि तिथे राहून गेलेली उणीव पुढे भरून काढणे सर्वात कठीण आहे. वरच्या इयत्तांत सगळ्या तासिकांना तुकडी फोडण्याची गरज नसते. लेखनाचा, प्रयोगाचा किंवा गणिताच्या सरावाचा तास अर्ध्या-अर्ध्या गटात घेतला आणि बाकीचे तास एकत्र ठेवले, तरी अभिप्रायाची सोय बऱ्याच अंशी होते. जिथे नवीन शिक्षक मिळणारच नाहीत, तिथे निदान असलेल्या शिक्षकांवरील माहिती भरण्याची, नोंदवह्यांची आणि शाळेबाहेरची कामे काढून घेता येतात. त्याने वर्गातील साठ मुले कमी होत नाहीत, पण तीनशे वह्यांपैकी शंभर तरी वाचून तपासायला वेळ मिळतो. मदतनीस देऊन प्रश्न सुटेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये; टेनेसीत ते तपासून झाले आहे.

आणि वर्ग लहान केला, तर त्याच वेळी शिक्षकाला लहान वर्गात शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते. वर्षानुवर्षे साठ जणांसमोर फळ्याकडून बोलण्याची सवय झालेला माणूस तीस मुले समोर आल्यावर आपोआप बाकांमध्ये फिरू लागत नाही. मुलांना गटांत कसे बसवायचे, एका गटाला काम देऊन दुसऱ्याजवळ कसे बसायचे, वहीतील चुकीवरून उद्याचा पाठ कसा ठरवायचा, ही शिकावी लागणारी कौशल्ये आहेत, आणि पट कमी करण्याच्या योजनांत त्यांच्यासाठी वेळ आणि पैसा बहुधा ठेवलेलाच नसतो.